पाच लाखांचं कार्ड आलं, आता मालकांची तक्रार कशाला?

वागळेतला वर्कशॉपवाला
काल एकाने लिहिलं होतं, "सरकारने महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं कवच दिलं, विम्यावरचा जीएसटी काढला, तरी छोट्या कारखानदारांची रड संपत नाही. कामगारावर दमडी सोडायची नाही, एवढंच." रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी गेला तो वैयक्तिक पॉलिसीवरचा. मी माणसांसाठी काढतो ती ग्रुप पॉलिसी, तिच्यावर १८ टक्के तसेच आहेत. कायद्याने सक्ती नसलेला विमा, म्हणून इनपुट क्रेडिटही नाही, म्हणजे भरलेला तो जीएसटी माझ्या करातून वळता करता येत नाही. आणि ही पॉलिसी का लागते? ईएसआय, म्हणजे मालक-कामगारांच्या वर्गणीवर चालणारा सरकारी कामगार विमा, त्याची पगारमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० वरच आहे. व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) चांगला ऑपरेटर त्या पगारात थांबत नाही. वाढवला की सहामाही संपताच तो ईएसआयबाहेर. माझ्या एका फिटरने पगारवाढच नाकारली, आईचं डायलिसिस ईएसआयमधून चालू होतं म्हणून. मर्यादा वाढवा, मी माझा हिस्सा आनंदाने भरतो. पण तेवढं सोडून बाकी सगळ्याच्या घोषणा होतात.

घणसोलीकर
जुलै २०१९ मध्ये ईएसआयमधला मालकांचा हिस्सा पगाराच्या ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा तुमच्यापैकी एकजण बोलला नाही. रबाळ्यात आयुष्य गेलंय माझं. दहा माणसं झाली की ईएसआय लागू होतं, म्हणून दहावा माणूस मस्टरवर (हजेरीपटावर) घ्यायचाच नाही, ही युक्ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझा भाऊ प्रेस मशीनवर बोटं गमावून बसला, तेव्हा मालक म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. ईएसआय असतं तर अपंगत्वाचा भत्ता मिळाला असता. तुमची ग्रुप पॉलिसी बुडालेला पगार देते का?

वागळेतला वर्कशॉपवाला
नाही देत. ईएसआयमध्ये आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते, म्हणूनच तर मर्यादा वाढवा म्हणतोय! तुमच्या भावाच्या मालकाचं पाप माझ्या माथी मारू नका. माझी सगळी माणसं मस्टरवर आहेत.

कळव्याची ताई
तुमचं पगाराचं चालू द्या. महात्मा फुले योजनेला रेशनकार्ड लागतं, त्याचं बोला. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी होऊन आमच्या कार्डावर चढेपर्यंत तिचं ऑपरेशन कर्ज काढून झालं. एजंट मात्र त्याच दिवशी करून देतो म्हणत होता.

खारघर सेक्टर बारा
आधी पांढरं कार्डवाल्यांना का घेतलं ते सांगा. जुलै २०२४ पासून सगळ्यांनाच पाच लाख. चारचाकी दारात असलेला माणूस गरिबाची खाट अडवणार.

कळव्याची ताई
आमचं कार्ड पांढरंच आहे. नवरा रिक्षा चालवतो. वर्षाला लाखाच्या वर कमाई गेली की पांढरं, लाखात ठाण्यात काय होतं? चारचाकीचं तुम्ही बघा.

खारघर सेक्टर बारा
ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण कर आम्हीच भरतो.

घणसोलीकर
काडेपेटी घेणाराही कर भरतो. उगाच ऐकवू नका.

घोडबंदरवासी
कार्ड कुठल्याही रंगाचं असो, संध्याकाळी कासारवडवलीहून निघालेली ॲम्ब्युलन्स माजिवड्याला पोचत नाही. आधी रस्ता द्या.

बिलिंग काउंटर
नवी मुंबईत खासगी हॉस्पिटलात बिलिंगला आहे. योजनेच्या पॅकेजचे दर कमी आणि पैसे उशिरा येतात, म्हणून 'योजनेची खाट रिकामी नाही' हे उत्तर आम्हाला द्यावं लागतं. शिव्या काउंटरवरच्या आम्ही खातो. वर्कशॉपवाला इथे बरोबर बोलतोय: कार्डं वाढली, खाटा वाढल्या नाहीत.

वागळेतला वर्कशॉपवाला
हेच म्हणतोय. कार्डावर खाट मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून पॉलिसी घ्यावी लागते. आम्ही मोजकी माणसं, त्यात एकाची बायपास झाली की नूतनीकरणाला हप्ता चढतो. मोठ्या कंपनीला तो क्लेम जाणवतही नाही.

घणसोलीकर
ग्रुप पॉलिसीवरचा जीएसटी काढावा, एवढं तुमचं मान्य. त्यापुढे एक अक्षर नाही. आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी माणसं असली तरी मालक-कामगारांच्या संमतीने ईएसआयमध्ये येता येतं. तुमच्या गल्लीतल्या नऊवाल्यांना हे सांगाल का?

वागळेतला वर्कशॉपवाला
सांगतो. दोघे ऐकतील, बाकीचे माझ्यावरच उखडतील. पण २१,००० च्या मर्यादेवर तुम्ही अजून एक शब्द बोलला नाहीत.

घणसोलीकर
वाढवा. कोण नको म्हणतंय?