बोलेरोचं पॉवर स्टेअरिंग ऑइल घरी बदलता येतं का?

चोपड्याचा_कापूसवाला:
राम राम मंडळी. बोलेरो आहे 2012 ची, 1 लाख 60 हजार किमी झालेत. सकाळी स्टार्ट करून वाड्यातून वळवून बाहेर काढताना स्टेअरिंग फिरवलं की घूंऽऽ असा आवाज येतो, म्हशीचं पारडू ओरडतं ना तसा, आणि जडपण वाटतं. पाच-दहा किमी चालली की कमी होतो. काल टाकीचं झाकण खोललं तर ऑइल पार काळं, करपलेल्या गुळासारखा वास, आणि खालच्या खुणेच्याही खाली. गॅरेजवाला म्हणतो सगळं फ्लश करावं लागेल, अडीच हजार. आबा म्हणता ट्रॅक्टरचं ऑइल आपण घरी बदलतो मग याला काय सोनं लागलंय. घरी करून पाहिलंय का कोणी? आणि काही बिघडलं तर काय बिघडेल तेही सांगा.

भुसावळ_डिझेल:
आबा बरोबर बोलता भो. माझ्याकडे जुनी स्कॉर्पिओ होती, दोनदा घरी केलंय. सोपी पद्धत म्हणजे मेडिकलमधून 50 एमएलची मोठी सिरिंज आण, पुढे हातभर सलाईनची नळी लाव, टाकीतलं काळं सगळं ओढून घे, नवीन भर, इंजिन चालू करून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार वेळा हळू फिरव, बंद कर. दोन-तीन दिवस गाडी चालव आणि परत तेच. एका वेळेला सगळं निघत नाही कारण निम्म्याहून जास्त ऑइल पंपात, पाईपात आणि स्टेअरिंग बॉक्समध्ये राहतं. समज टाकीत तिसरा हिस्सा मावतो, तर चार वेळा केलं की साधारण 80 टक्के नवीन होतं, तेवढं पुरे. कपड्याची मात्र काळजी घे, त्याचे डाग केळीच्या चिकासारखे, धुवून जात नाही. माझ्या एका बनियनवर अजून आहे.

घाई असेल तर रिटर्न पाईपवाली पद्धत. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लाव (नुसत्या जॅकवर ठेवून खाली घुसू नको बाबा), मागच्या चाकाला दगड. टाकीकडे परत येणारा बारीक पाईप काढून बाटलीत सोड, टाकीचं ते तोंड बुच मारून बंद कर, आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग फिरवत राहा. दुसऱ्याने वरून नवीन ओतत राहायचं, टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा घुसते. बाटलीत काळ्याऐवजी नवीन लाल ऑइल यायला लागलं की बस. मग पाईप लावून घे, पुन्हा इंजिन बंदच, वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, टाकीतले बुडबुडे थांबले की मगच स्टार्ट.

अमळनेरचा_दादा:
वरच्या भाऊंनी सगळं नीट सांगितलं, पण एक राहिलं: ऑइल कोणतं. झाकणावर नाहीतर गाडीच्या पुस्तकात ग्रेड लिहेल राहते, तीच टाक. बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल) चालतं, पण सगळ्यांना नाही, होंडाचं तर वेगळंच येतं. आणि ब्रेक ऑइल चुकूनही नको!! माझ्या गाडीत एका गॅरेजच्या पोराने लेव्हल कमी दिसली म्हणून हाताला आलं ते ओतलं होतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं राहतं, त्याने या सिस्टिमचे रबरी सील फुगता आणि मऊ पडता. दीड महिन्यात खालून धार लागली, सील किट बदलावं लागलं, अडीच हजार सोडा, त्याच्या तिप्पट गेले.

अजून एक, तुझं ऑइल कमी झालंय म्हणजे ते कुठंतरी गेलंय ना. ही सिस्टिम बंद असते, इंजिन ऑइलसारखं ते जळत नाही. म्हणून बदलण्याआधी लीक शोध. रात्री गाडीखाली केळीच्या पेटीचा पुठ्ठा सरकवून ठेव, सकाळी डाग कुठं पडलाय ते पाहा. घूंऽऽ आवाज पण त्यामुळेच, लेव्हल खाली गेली की पंप हवा ओढतो. चिर्रऽऽ आवाज असता तर बेल्ट म्हटलं असतं.

शहाद्याची_ताई:
ज्यांच्याकडे नवीन छोट्या गाड्या आहेत त्यांनी आधी बॉनेट उघडून टाकी आहे का ते पाहा हं, आमच्या घरच्यांनी वॅगनआरमध्ये अर्धा तास शोधली 😄 तिचं स्टेअरिंग मोटरवर चालतं, ऑइल नसतंच.

चोपड्याचा_कापूसवाला:
सगळ्यांचे आभार. पुठ्ठा ठेवला होता दादा. सकाळी दोनच थेंब, रुपयाएवढे, रिटर्न पाईपच्या बरोबर खाली. हात लावून पाहिला तर पाईपचं टोक कडक होऊन चिरलं होतं आणि क्लिप ढिली. टोक बोटभर कापून नवीन क्लिप मारली, तीस रुपये. मग सिरिंजने ऑइल काढलं, तीन वेळा झालंय, आता लालसर दिसतं. स्टेअरिंग एकदम हलकं, आवाज जवळपास गेला. फक्त पूर्ण टोकाला नेलं की थोडा सूंऽऽ येतो. तो चालेल का?

भुसावळ_डिझेल:
टोकाला येतोच तेवढा. तिथं प्रेशर वाढतं आणि पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) उघडतो, त्याचा आवाज आहे. टोकाला धरून बसू नको फक्त, चार-पाच सेकंदाच्या वर नाही, ऑइल तापतं आणि मे महिन्यात आपल्याकडे ते तसंही तापेल राहतं. आणि काढलेलं काळं ऑइल गटारीत टाकू नको, डब्यात भरून गॅरेजवाल्याला दे, जुनं ऑइल नेणारे त्यांच्याकडे येता.

चोपड्याचा_कापूसवाला:
ठेवलंय डब्यात. आबा म्हणे दे इकडे, विळ्याला लावतो 😅