मदत हवी आहे: स्पार्कलिंग वाईनच्या काही बाटल्यांत गाळ मानेकडे उतरतच नाहीये

नमस्कार मंडळी, दिंडोरीकडे आमची घरचीच छोटी वायनरी आहे, बाग काका बघतात, सेलर म्हणजे वाईन बनवायचं काम मी आणि वहिनी. शेनिन ब्लांक द्राक्षाची स्पार्कलिंग केलीये, दुसरं फर्मेंटेशन बाटलीतच. माल जानेवारीतच १८-१९ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडला होता कारण पुढे ऊन चढलं की ॲसिड धडाधड खाली येतं. मग लीटरला २४ ग्रॅम साखर, यीस्ट, थोडं बेंटोनाइट (गाळ नीट बसावा म्हणून बारीक माती), क्राउन कॅप म्हणजे पत्र्याचं झाकण आणि वर्षभर आडव्या. फेस बारीक येतोय, चवपण झकास.

आता मान खाली करून रॅकवर लावून रोज थोडं थोडं फिरवतोय तर बहुतेक बाटल्यांचा गाळ बुचापाशी येऊन बसलाय, पण पश्चिमेच्या भिंतीकडच्या थप्पीतल्या हट्टाला पेटल्यात. टॉर्च लावून बघितलं तर जी बाजू खाली होती तिथे आतून बोटभर रुंद पांढुरका पट्टा, दुधाच्या सायीसारखा, बाटली फिरवली की कडेने जरासा धूर उठतो आणि पट्टा तिथेच. मे महिन्यात लाईट जायची तेव्हा त्या कोपऱ्यात बरंच गरम व्हायचं, त्याचा संबंध असेल का? आणि तशाच डिसगॉर्ज केल्या, म्हणजे झाकण उघडून गाळ बाहेर काढला, तर चालेल का? शेजारचे म्हणतात कशाला एवढी झिगझिग, टाकीत घेऊन गॅस मारा. मग सोडावॉटरचाच कारखाना काढला असता ना!

प्रतिसाद १:
ताई, तशाच अजिबात काढू नका. मान उणे २५ डिग्रीच्या ब्राइनमध्ये (न गोठणारं गार द्रावण) धरली तरी बुचापाशी असेल तेवढाच गाळ गोठून बाहेर पडणार, भिंतीवरचा आतच राहणार, वाईन गढूळ आणि उघडताना निम्मी बाटली फसफसून जमिनीवर. तापमान वरखाली झालं की असं चिकटतं, यीस्टच्या जातीवरपण असतं. आधी १० डिग्रीपर्यंत गार करा, मग एकेक बाटली जोरात हलवून पट्टा पूर्ण सुटू द्या, परत आडव्या टाका पण पट्ट्याची बाजू वर, काही आठवडे गार जागी राहू देत आणि मग रॅकवर पहिल्यापासून. गार करायचा आळस नको, आत ६ बारच्या आसपास प्रेशर आहे, २५ डिग्रीला ते आणखी बरंच वर जातं. हलवताना फेस शील्ड, जाड हातमोजे, ॲप्रन पाहिजेच.

प्रतिसाद २:
प्रेशरखाली टाकीत काढून फिल्टर मारायचापण मार्ग आहे, पण ती मशिनरी घरच्या वायनरीला परवडत नाही. दादांनी सांगितलंय तेच करा.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. आधी थोड्याच बाटल्या हलवून बघते, सगळी थप्पी एकदम नको. वहिनी वेल्डिंगची काच लावून चालेल का विचारतेय.

प्रतिसाद १:
नको, त्यातून पट्टा दिसणारच नाही. अंबड एमायडीसीकडे सेफ्टीच्या दुकानात पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं शील्ड मागा, गळा झाकणारं घ्या.