मदत हवी आहे: ५० लिटर गरम पाण्याच्या पातेल्यासाठी मोटरवर चालणारा स्टरर (ढवळणी)

गॅरेजकर

नमस्कार मंडळी. मुक्काम शेफील्ड. छंद घरगुती बिअरचा आहे, पण प्रश्न निव्वळ पाण्याचा आणि मोटरचा आहे. इथे ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. तेव्हा संस्कृतीरक्षणाचे प्रतिसाद कृपया वेगळ्या धाग्यावर.

मांडणी अशी आहे. स्टीलचं ५० लिटरचं पातेलं, व्यास ४० सेंमी, उंचीही तेवढीच. त्यात साधारण ४० लिटर पाणी असतं. तळापासून ७ सेंमी वर पाणी तापवणारं ३ किलोवॅटचं एलिमेंट (इथल्या १३ अँपिअरच्या प्लगवर त्याहून मोठं चालत नाही). वरच्या भागात स्टीलच्या नळीची कॉइल टांगलेली आहे, तिचा व्यास २८ सेंमी. शेजारच्या कूलबॉक्समध्ये दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि पाणी, म्हणजे मॅश. त्यातला गोड रस पंप ओढतो, तो कॉइलमधून फिरून परत मॅशवर पडतो. पातेल्यातलं पाणी ६८ अंशांवर धरलं की मॅश ६६ला राहावा, अशी अपेक्षा.

राहत नाही. पातेल्याचं तापमान धरणारा कंट्रोलर ६८ दाखवतो आणि कॉइलमधून येणारा रस ६३च्या वर सरकत नाही. लांब दांड्याचं उलथनं घालून पाणी खालवर केलं की कंट्रोलरचा आकडा झपकन उतरतो, एलिमेंट पेटतं आणि थोड्या वेळाने सगळं जागेवर येतं. म्हणजे पाण्याचे थर पडताहेत हे उघड आहे. फरक दोन-तीन अंशांचाच, पण मॅशमध्ये त्याला किंमत आहे. ६२ ते ६५ला एक एन्झाइम जोरात चालतं आणि बिअर कोरडी, पातळ होते. ६८च्या पुढे दुसरं वरचढ होतं आणि बिअरला अंग येतं. मला करायची आहे भरदार बिटर (इथली कडवट बिअर), आणि होतंय भलतंच. अख्खा मॅश संपेपर्यंत उलथनं घेऊन उभं राहायची माझी तयारी नाही.

हाताशी आहे ते: गाडीची १२ व्होल्टची जुनी वायपर मोटर, जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, ८ मिमीचा स्टेनलेस रॉड. विचारायचं ते: वायपर मोटर चालेल का? रॉड झाकणाच्या मधोमध घ्यायचा का? आणि वाफेपासून मोटर वाचवायची कशी?

फक्त वाचक

मिठाईवाल्यांकडे खवा आटवायचं मशीन असतं, कढईत पातं आपोआप फिरतं. त्याची छोटी आवृत्ती बघा की.

गॅरेजकर

बघितलंय. त्याचं पातं तळ खरवडत फिरतं, कारण दूध तळाला लागतं. पाणी लागत नाही, आणि माझ्या तळाशी एलिमेंट आहे. खरवडायला गेलो तर तेच उखडून येईल.

इसारकाठी

म्युनिकहून. इथल्या घरगुती बिअरवाल्यांत वायपर मोटरचा स्टरर अगदी सर्रास दिसतो, माझ्याकडेही आहे. बिनधास्त लावा. जोर भरपूर, दोन वेग मिळतात, भंगारात स्वस्त. एक काळजी घ्या: बऱ्याच वायपर मोटरींत बॉडीच निगेटिव्ह असते, त्यामुळे स्टीलच्या पातेल्यावर बसवताना मध्ये प्लॅस्टिक किंवा रबर हवं. आणि पार्किंगची वायर (बंद केल्यावर वायपर जागेवर आणणारी) मोकळी सोडून टेप मारा.

माटुंगा रोड

इसारकाठी, तुमचा स्टरर मॅशमध्ये फिरतो ना? तुमच्याकडे माल्ट थेट गरम भांड्यातच असतं, ६३ला थांबा, ७२ला थांबा असं पायरीपायरीने तापवता. न ढवळल्यास करपतं. ते ढवळणं म्हणजे घट्ट पिठल्यात पळी फिरवणं, तिथे वायपर मोटरच हवी. गॅरेजकरांच्या भांड्यात फक्त पाणी आहे.

गॅरेजकर, मोटर सगळ्यात शेवटी निवडा. आधी पाणी काय करतंय ते बघू. गरम पाणी हलकं, ते वर जातं, म्हणून एलिमेंट फक्त स्वतःच्या वरचं पाणी तापवतं. कॉइल भोवतालच्या पाण्यातली उष्णता घेते, ते पाणी गार होऊन खाली उतरतं आणि एलिमेंटच्याही खाली जाऊन बसतं. ४० सेंमी व्यास गुणिले ७ सेंमी म्हणजे जवळजवळ पावणेनऊ लिटर पाणी तिथे पडून आहे, त्याला वर यायचं काही कारणच नाही. तुमचा सेन्सर पातेल्याच्या मध्यावर असणार, त्याला या गार थराचा पत्ताच लागत नाही. वर कॉइलभोवतीचं पाणी संथ, त्यामुळे नळीतल्या रसाला उष्णताही हळूहळू मिळते. ढवळलं की दोन्ही दुखणी एकदम जातात.

आता ढवळायचं कसं. तुम्हाला वर-खाली प्रवाह हवा आहे, गोल गोल नको. गोल पातेल्यात रॉड मधोमध घेऊन सपाट उभी पाती फिरवली तर सगळं पाणी एकगठ्ठा गरगरतं, मध्ये भोवरा पडतो आणि खालचा थर खालीच फिरत राहतो. बघायला फार छान, उपयोग शून्य. कारखान्यात टाकीच्या भिंतीला आतून उभ्या पट्ट्या मारतात ते याचसाठी. तुम्ही पट्ट्या मारू नका, रॉड मध्यापासून ४-५ सेंमी बाजूला घ्या, तेवढ्याने गरगर बरीच मोडते. पाती ४५ अंशांत तिरकी, पाणी खाली ढकलतील अशी. पंख्याचा व्यास पातेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे १२-१३ सेंमी. तळापासून साधारण १३ सेंमी वर ठेवा, म्हणजे एलिमेंटपासूनही सुटा राहतो. कॉइलची खालची वेटोळी त्याच उंचीवर येत असतील तरी हरकत नाही, २८ सेंमीच्या आत १२चा पंखा आरामात मावतो.

आता ताकद. चार तिरक्या पात्यांचा १२ सेंमीचा पंखा, मिनिटाला १२० फेरे. पाण्यात त्याला लागते जेमतेम पाव वॅट. हो, पाव. आणि तेवढ्यात तो सेकंदाला अडीच लिटर पाणी हलवतो, म्हणजे तुमचे ४० लिटर पंधरा-सोळा सेकंदांत एकदा फिरले. ६० फेऱ्यांवरही अर्ध्या मिनिटात काम होतं. मात्र वेग दुप्पट केला तर ताकद आठपट लागते आणि पंख्याचा व्यास दुप्पट केला तर बत्तीसपट, तेव्हा उगाच मोठा पंखा करू नका. वायपर मोटर इथे ओझं आहे, दुसरं काही नाही. १२ व्होल्टची छोटी गिअर मोटर, १०० आरपीएमच्या आसपासची, रग्गड झाली.

इसारकाठी

पाव वॅट! मान्य, हत्यार खाली ठेवलं. मग एक सुचवतो: २४ व्होल्टची २०० आरपीएमवाली गिअर मोटर घ्या आणि १२ व्होल्टवर चालवा. वेग साधारण निम्मा होतो, मोटर गार राहते, आवाजही कमी. वेगळा स्पीड कंट्रोलर घ्यायची गरज नाही.

आणि आधीच विचारतो, दुसरा पंप नाही का? खालच्या नळातून पाणी ओढून वरून सोडलं तरी थर मोडतात.

गॅरेजकर

पंप एकच आहे, तो रसाच्या कामाला. दुसरा घ्यायचा तर ७०-८० अंश सोसणारा घ्यावा लागेल, आणि मग आणखी नळ्या, आणखी धुणं. स्टररच करतो. माटुंगा रोड, तुमच्या पाव वॅटने माझी झोप उडवली आहे, मी क्रेनची तयारी करत होतो.

लेथमास्तर

कोल्हापूर, उद्यमनगर. १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्याकडे घरी बिअर करता येत नाही, म्हणून त्यातलं मला काही विचारू नका. शाफ्टचं विचारा.

झाकणावर मोटर बसवू नका. पातेल्याचं झाकण पातळ, ते थरथरणार आणि रॉड डुलणार. पातेल्याच्या काठावर आडवा अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल टाका, दोन्ही टोकांना क्लॅम्प, मोटर त्यावर. झाकण मधून कापून दोन अर्धी करा, चॅनलच्या दोन बाजूंना बसतात. साफ करायला सोपं पडतं.

कपलिंग, म्हणजे मोटर आणि रॉड जोडणारा तुकडा, रिजिड (न वाकणारा) घ्या. लोक हौसेने रबरवालं फ्लेक्सिबल लावतात आणि खाली बेअरिंग देत नाहीत, मग रॉड घंटेच्या लोळीसारखा हलतो. फ्लेक्सिबल लावायचं तर खाली दोन बेअरिंगं हवीत. तुमचा ८ मिमीचा रॉड ४० सेंमीला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच भरतो, चांगला गिअरबॉक्स ते सहज पेलतो. रॉड सरळ आहे का ते काचेवर लोळवून बघा. वाकडा असला तर दुसरा घ्या, ठोकून सरळ करत बसू नका. तळाला बुश, म्हणजे रॉडचं टोक धरणारी बाही, देऊ नका, पाण्यात बुश झिजतो आणि त्याचा चुरा तुमच्या ग्लासात.

पंख्याला एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ची १ मिमी पट्टी. स्टीलचं उलथनं कापूनही पाती होतात. आर्गॉन वेल्डिंग करून घ्या आणि जोड घासून गुळगुळीत करा. साधं सोल्डर नको, शिशाचं असू शकतं. गॅल्वनाइज्ड नटबोल्टही पाण्यात नकोत.

वाफेचं: मोटर आणि चॅनलमध्ये ६-७ सेंमीचे स्पेसर द्या, मधली जागा चारी बाजूंनी उघडी. रॉड जिथून जातो ते भोक २० मिमी करा, घासत नाही. भोकाच्या वर रॉडवर ४ सेंमीची सिलिकॉनची चकती घट्ट बसवा. खालून येणारी वाफ तिला आपटून बाजूला जाते, आणि गिअरबॉक्समधून ग्रीस झिरपलं तर तेही चकतीवरच अडतं, पाण्यात पडत नाही.

माटुंगा रोड

लेथमास्तरांना दंडवत. विजेचं एकच: ढवळणारी मोटर १२ व्होल्टचीच ठेवा, २३० व्होल्टची कुठलीही मोटर पाण्यावर टांगू नका. पॉवर सप्लाय भिंतीवर, शिंतोड्यांपासून दूर. पातेलं आणि चॅनल दोन्ही अर्थ केलेले, एलिमेंटच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीडी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच).

मोटर सुरू झाली की तापमानाचा आकडा नाचू लागला तर घाबरू नका, ब्रशवाल्या मोटरीचा उपद्रव आहे. तिच्या दोन टर्मिनलांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा आणि सेन्सरची वायर मोटरच्या वायरीपासून लांबून न्या.

गॅरेजकर

मग ठरलं: २४ची मोटर १२वर, आडवा चॅनल, रॉड बाजूला, चार तिरकी पाती. शेवटची शंका. पाणी खाली ढकललं जातंय की वर खेचलं जातंय, हे बंद पातेल्यात कळणार कसं? आणि पंखा रॉडवर वेल्ड करू की ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या, आवळून धरणाऱ्या स्क्रूने) बसवू?

माटुंगा रोड

गार पाण्यात, झाकण काढून चालवा. रॉडजवळ पृष्ठभागावर खायच्या रंगाचे दोन थेंब टाका. रॉडच्या कडेने खाली गेले तर बरोबर. बाहेरच्या बाजूला पसरले तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा.

लेथमास्तर

ग्रब स्क्रू, म्हणजे उंची खालीवर करता येते आणि धुवायला पंखा निघतो. स्क्रूही एसएसचाच घ्या. तो टेकतो तिथे रॉडवर कानशीने छोटा सपाट भाग करा, नुसत्या गोल रॉडवर घट्ट आवळलेला स्क्रूही गरम पाण्यात सैल होतो. आणि रॉडच्या खालच्या टोकाला आडवं भोक पाडून एक स्प्लिट पिन घाला. स्क्रू सुटलाच तर पंखा पिनेवर अडकून राहील, एलिमेंटवर पडणार नाही.