मत कोणाला द्यायचं हे तुम्ही नेमकं कसं ठरवता?

झिंगाबाई_टाकळीकर

नमस्कार मंडळी, आमच्या घरी दर इलेक्शनला हीच चर्चा होते. बाबा पक्ष पाहून बटण दाबतात, आई म्हणते जो अडीअडचणीला धावून येतो त्याला द्यायचं, नवरा म्हणतो जो निवडून येणार नाही त्याला दिलं तर मत वाया जातं. मला यातलं कुठलंच पूर्ण पटत नाही. लोकसभा विधानसभेला एकच मत असतं, पण आपल्या नागपूर महापालिकेला प्रभागात अ ब क ड अशा चार जागा, प्रत्येक जागेचं मत वेगळं, आणि त्यातल्या अर्ध्या उमेदवारांची नावंसुद्धा आधी ऐकलेली नसतात. कोणत्या पक्षाला द्या हे कृपया सांगू नका, तुम्ही काय पाहता आणि का पाहता एवढंच सांगा.

मानेवाडा_रिंगरोड

ताई चांगला प्रश्न आहे. मी सगळ्यात आधी निवडणूक कशाची आहे ते पाहतो. नगरसेवकाच्या हातात काय आहे तर नळाचं पाणी, गडरलाइन म्हणजे सांडपाण्याची लाइन, कचरागाडी, गल्लीतले लाइट, मनपाच्या शाळा. आमदाराचं मुख्य काम मुंबईत आणि डिसेंबरात आपल्या इथल्या हिवाळी अधिवेशनात, कायदे आणि राज्याचं बजेट. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा विकासनिधी सुचवता येतो पण त्याचंही खरं काम संसदेतच. म्हणून मी प्रत्येकाला त्याच्याच कामाचं विचारतो.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीच्या काठच्या घरांमध्ये रातोरात पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून दारावर जो उमेदवार येतो त्याला मी तीन गोष्टी विचारतो, नाल्यावरच्या बांधकामांचं काय करणार, सिमेंट रोड उंच झाले आणि घरं खाली गेली तिथलं पावसाचं पाणी कुठे काढणार, आणि ज्या लेआउटमध्ये अजून गडरलाइन नाही तिथे ती येणार का. जो म्हणतो "सगळं करून देतो" त्याच्याबद्दल माझं मत खाली येतं. एकाने मला सरळ सांगितलं की काका तुमचा लेआउट नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यासकडे) आहे, माझ्या हातात ठराव मांडणं आणि पाठपुरावा करणं एवढंच आहे. त्याला मी मत दिलं, कारण त्याला आपली यंत्रणा माहीत होती आणि त्याने खोटं आश्वासन दिलं नाही.

गोधनीवाला_भाऊ

मी तं एकच पाहतो ताई, निवडणूक नसताना हा माणूस वस्तीत दिसते का. फोन उचलते का. लोकं म्हणतात मोठे मोठे मुद्दे पाहा, पण ज्याच्या घरी चार दिवस पाणी नाही त्याले टँकर कोण आणून देते तेच आठवते, अन् त्यात त्याचं काही चुकत नाही. दुसरी गोष्ट, जो आदल्या रात्री पाकीट नाहीतर साडी पाठवते त्याले माझं मत कधीच नाही, तो पैसा उद्या आपल्याच रस्त्याच्या कामातून वसूल होते.

धरमपेठ_०७

भाऊ पाकिटाबद्दल शंभर टक्के सहमत. पण दिसतो म्हणून मत द्यावं हे मला पटत नाही. लग्नात, तेरवीला, गणपतीच्या आरतीला हजर असणं आणि सभागृहात तोंड उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टँकर आणून देणाऱ्यापेक्षा टँकर लागूच नये म्हणून पाइपलाइनसाठी भांडणारा मला जास्त मोठा वाटतो, तो फोटोत कमी दिसतो एवढंच.

मी उमेदवाराचं शपथपत्र वाचते. अर्जासोबत ते द्यावंच लागतं. २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हे सुरू झालं. लोकसभा विधानसभेचं निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतं, मायनेता वेबसाइटवर जुनी शपथपत्रंही सापडतात. त्यात शिक्षणाच्या रकान्यावर मी वेळ घालवत नाही. मालमत्तेत जमीन कधी घेतली, केवढ्याला घेतली आणि आज तिची किंमत काय हे लिहिलेलं असतं. मागच्या निवडणुकीचं आणि या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा, पाच वर्षांत काय काय वाढलं ते दिसतं, आणि उत्पन्नाशी त्याचा मेळ बसतो का ते तुम्हीच पाहा.

गुन्ह्यांचं मात्र नुसता आकडा पाहून ठरवू नका. मोर्चा काढला, रस्ता रोको केला म्हणूनही केस लागते. कलम पाहा, आरोप निश्चित झालेत का ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे त्यामुळे नंबर बदललेत, फसवणुकीचं जुनं ४२० आता ३१८ मध्ये आहे. आंदोलनाच्या पाच केसेस असलेल्याला मी मत देईन, पण लोकांचे प्लॉट बुडवल्याची एक जरी केस असेल आणि आरोप निश्चित झाले असतील तर माझ्याकडून नाही, मग पक्ष कोणताही असो.

सक्करदरा_चौक

सगळे व्यक्तीवरच बोलत आहेत म्हणून लिहिते, तुमचे बाबा पूर्ण चुकीचे नाहीत. आमदार खासदाराने सभागृहात व्हीप म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पद जाऊ शकतं, म्हणजे माणूस कितीही सज्जन असला तरी महत्त्वाच्या मतदानात तो पक्षाच्या बाजूनेच उभा राहणार. महापालिकेतही महापौर कोण आणि स्थायी समिती कोणाची हे बहुमतावर ठरतं, आणि मोठे खर्च स्थायी समितीतूनच जातात. त्यामुळे पक्षाचं धोरण मी वाचते, आणि उमेदवाराने किती वेळा पक्ष बदलला तेही पाहते. कारण सांगता येत असेल तर ठीक, पण दर पाच वर्षांनी नवा दुपट्टा घालून येणाऱ्यावर माझा भरोसा नाही.

मत वाया जातं यावर मात्र तुमच्या मिस्टरांशी मी भांडेन. २०२४ च्या लोकसभेला नागपुरात जेमतेम ५४ टक्के मतदान झालं. जवळजवळ अर्धे लोक घरीच होते, मग कोण निवडून येणार हे आधीच कोणी कसं सांगतं? आणि हरलेल्या चांगल्या उमेदवाराला बरी मतं पडली तर तो पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतो, पक्षही त्याची दखल घेतात.

झिंगाबाई_टाकळीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, शपथपत्रांची तुलना मी या रविवारी करणारच. एक शेवटचं विचारते, चारपैकी एखाद्या जागेवर कोणीच पटलं नाही तर?

मानेवाडा_रिंगरोड

त्या जागेपुरतं नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण दाबा आणि बाकी तीन मतं उमेदवार पाहून द्या, तिघांमुळे चौथा फुकटात निवडून द्यायचं बंधन नाही. फक्त चारही जागांचं बटण दाबून शेवटची लांब बीप वाजेपर्यंत तिथून हलू नका. आणि यादीतलं नाव, मतदान केंद्र आत्ताच तपासून ठेवा, आमच्या लेआउटमधल्या बऱ्याच जणांचं केंद्र बदललेलं निघालं होतं.