साइडकिकच्या डॅशबोर्डवर नेमके कोणते आलेख ठेवावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या रेल्स ॲपची (रेल्स म्हणजे रूबी भाषेतली वेब चौकट) पडद्यामागची कामं, म्हणजे जॉब, साइडकिक ७ वर चालतात; जॉब रांगेत लावून चालवणारं हे साधन. रांगा तीन: ओटीपी, ईमेल आणि अहवाल. आकडे प्रोमिथियस या मोजमाप साठवणाऱ्या साधनात जमा होतात, त्यांचे आलेख ग्राफानाच्या डॅशबोर्डवर दिसतात. पॅनेल भरपूर आहेत, पण रात्री ज्याला अलर्टचा फोन जातो त्याला ग्राहक अडकलाय का आणि कुठे, एवढंच हवं असतं, आणि नेमकं तेच सापडत नाही. म्हणून सगळं नव्याने मांडायला घेतलंय.

सध्या सर्वांत वर रांगेची लांबी आहे. ती मला खाली न्यायची आहे. महिनाअखेरीला अहवालांच्या रांगेत हजारो जॉब साचतात आणि सकाळपर्यंत निपटतात, त्यात कुणाचंच अडत नाही. ओटीपीच्या रांगेत दोनशे साचले तरी लोक लॉगिनच्या पानावर ताटकळतात. त्यामुळे वर प्रत्येक रांगेतल्या सर्वांत जुन्या जॉबचं वय घेतोय. साइडकिक ते लेटन्सी म्हणून आयतं देतं. त्याखाली आवक-जावक एकाच पॅनेलवर, म्हणजे जॉब जास्त आलेत की कामं मंदावलीत हे लगेच कळेल. शेजारी एकूण थ्रेडपैकी (एक थ्रेड एका वेळी एक जॉब चालवतो) किती अडकलेत ते. प्रोसेसमागे डीफॉल्ट पाचच थ्रेड, त्यातले चार टाइमआउट (वाट बघायची कमाल मर्यादा) नसलेल्या नेटवर्क कॉलवर लटकले तर लेटन्सी बराच वेळ काही बोलत नाही.

खरी पंचाईत रिट्रायची, म्हणजे फेल झालेला जॉब पुन्हा चालवण्याची आहे. एसएमएस गेटवे बंद पडला की ओटीपीचा जॉब फेल होऊन रिट्राय सेटमध्ये (पुन्हा चालवायच्या जॉबची वेगळी यादी) जातो, रांगेत राहत नाही. मग लेटन्सी शून्याजवळ, पॅनेल हिरवंगार, आणि ओटीपी मात्र एकालाही पोचलेला नसतो. तो जॉब रांगेत परत येतो तेव्हा त्याचा ‘एनक्यूड ॲट’ (रांगेत लागल्याची वेळ) नवा पडतो, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जॉब बनल्याची मूळ वेळ ‘क्रिएटेड ॲट’मध्ये टिकून असते. म्हणून जॉब यशस्वी झाला की तिथपासूनचा एकूण वेळ हिस्टोग्राममध्ये (किती जॉब कोणत्या वेळेच्या टप्प्यात, म्हणजे बकेटमध्ये, पडले ते मोजणारं मेट्रिक) टाकतोय. (डीफॉल्ट रिट्राय २५ आहेत, ते साधारण २१ दिवस चालतात. ओटीपीसाठी याला काहीच अर्थ नाही, तिथे दोनवर आणतोय.)

हिस्टोग्रामचंही बघा. प्रोमिथियसच्या क्लायंटमधले डीफॉल्ट बकेट १० सेकंदांवर संपतात. त्यापुढचं सगळं शेवटच्या अनंत बकेटमध्ये पडतं आणि ९५ व्या पर्सेंटाइलची (शंभरातले ९५ जॉब ज्या वेळेच्या आत होतात ती) रेघ बरोबर १० वर सपाट होते. खरी वाट दहा सेकंदांची असो की वीस मिनिटांची, आलेख तोच. बकेट बदलायचे हे नक्की, पण ओटीपीला १, ३, १०, ३० सेकंद हवेत आणि अहवालांना मिनिटं-तास. एकाच मेट्रिकमध्ये दोन्ही कोंबले तर सिरीज (साठवायच्या आकड्यांच्या मालिका) उगाच वाढतात. तुम्ही रांगेनुसार वेगळं मेट्रिक ठेवता का?

दुसरी अडचण मुद्दाम उशिरा लावलेल्या जॉबची. दोन दिवसांनी जायचं आठवणीचं ईमेल ‘क्रिएटेड ॲट’पासून मोजलं तर दोन दिवस रखडल्यासारखं दिसतं आणि ईमेलचा पूर्ण आलेख बिघडतो. ठरलेली वेळ जॉबच्या आर्ग्युमेंटमध्येच पाठवून तिथून मोजावं असं वाटतंय. कुणी याहून सरळ मार्ग काढलाय का?

आणि सर्वांत महत्त्वाचं: जो जॉब अजून यशस्वीच झालेला नाही तो या हिस्टोग्राममध्ये येत नाही, म्हणजे गेटवे बंद असताना हा आलेखही गप्पच राहणार. रिट्राय सेटमधल्या सर्वांत जुन्या ओटीपीचं वय वेगळं काढायचं, तर दर मिनिटाला तो सेट चाळावा लागेल. सेट मोठा झाल्यावर याचा रेडिसवर (साइडकिक जॉब जिथे ठेवतं तो डेटाबेस) कितपत भार पडतो? ज्यांनी हे प्रॉडक्शनवर केलंय त्यांनी कृपया सांगा. क्वेरी किंवा पॅनेलचा जेसन (पॅनेलची मांडणी मजकूर रूपात) देता आला तर फारच उपयोग होईल.