बंद फ्रीज, एसी, मायक्रोवेव्ह कबाडीत देण्याआधी गॅस आणि कपॅसिटरचं काय करायचं?

गारवा४५ (मानेवाडा)
दुरुस्तीच्या दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये पाच फ्रीज, दोन विंडो एसी, तीन मायक्रोवेव्ह आणि एक जुना डबा टीव्ही पडून आहे. कबाडी म्हणतो, इथंच हेक्सानं पाइप कापून कॉम्प्रेसर नेतो. ते करू द्यायचं नाही. पण मग यातल्या कशाला हात लावायचा, कशाला नाही? दोन कॉम्प्रेसर स्पेअर म्हणून काढायचे आहेत. आणि नागपूरचा मे महिना चालू आहे, हे धरून सांगा.

पाना_पक्कड
आधी कॉम्प्रेसरवरची पट्टी वाचा. आर-६००ए लिहिलं असेल किंवा पिवळ्या त्रिकोणात ज्वाळा असेल, तर तो आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. घरगुती फ्रीजमध्ये असतो जेमतेम ५० ग्रॅम, म्हणून पोट्टे हलक्यात घेतात. पण ५० ग्रॅमचा वीसेक लिटर वायू होतो आणि हवेत १.८ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणजे घनमीटरभर हवा पेटण्याजोगी. शिवाय हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे खाली नालीत, कोपऱ्यात साचून राहतो.

हे काम शेडमध्ये करायचंच नाही. फ्रीज उघड्यावर आणा, चार्जिंग लाइनला (कॉम्प्रेसरची गॅस भरायची नळी) पिअर्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपला भोक पाडून बसणारा व्हॉल्व्ह लावा, पाच-सात मीटर नळी वाऱ्याच्या दिशेनं नालीपासून लांब न्या आणि हळूहळू सोडा. दाबाचा गेज शून्यावर आला म्हणजे झालं असं नाही. ऑइलमध्ये गॅस मुरलेला असतो. व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर थोडा हलवा, अर्धा तास थांबा, काटा परत चढलेला दिसेल. पुन्हा सोडा. काटा चढायचा थांबला की पाइप कटरनं कापा. हेक्सा, ग्राइंडर, ज्वाळेचा टॉर्च काहीच नको.

आर-१३४ए, आर-२२ आणि जुन्या फ्रीजमधला आर-१२ हवेत सोडायचे नाहीत. १ किलो आर-२२ हवा तापवण्यात १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे, आणि आर-१२ तर ओझोनचा वैरी. हे रिकव्हरी मशीननं (गॅस ओढून घेणारं यंत्र) सिलिंडरमध्ये घ्या. एका सिलिंडरमध्ये एकच गॅस. दोन मिसळले की ते शुद्ध करणं जवळपास अशक्य. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ८० टक्क्यांवर थांबा. आपल्याकडच्या ४५ अंशांत आर-२२चा दाब १६ बारच्या आसपास जातो, आणि गच्च भरलेल्या सिलिंडरमध्ये द्रवाला फुगायला जागाच उरत नाही. एसीवर आर-४१०ए किंवा आर-३२ असेल तर दाब दीडपटीहून जास्त, तिथं आर-२२चा सिलिंडर चालणार नाही.

रोहित्र
एक भर. साधं रिकव्हरी मशीन आर-६००ए किंवा आर-३२ला जोडू नका, आतल्या मोटारीची ठिणगी पुरते. आर-२२, आर-१३४ए पेटत नाहीत म्हणून त्यांच्या पाइपवर टॉर्च मारतात, तेही चूक. ज्वाळेत त्यांचं हायड्रोजन फ्लोराइड होतं, फुप्फुस जाळणारं.

मायक्रोवेव्ह प्लग काढल्यावरही धोक्याचा. वीज साठवणारा कपॅसिटर साधारण १ मायक्रोफॅरड, २,१०० व्होल्टचा. आत १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो ठीक असेल तर मिनिटभरात चार्ज उतरतो. तो तुटला असेल तर चार्ज बराच काळ राहतो, आणि बाहेरून काही कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करायची सवय मोडा: टर्मिनल जळतं, हात झटकला जातो. विद्युतरोधी हँडलच्या पकडीत १० किलोओहमचा वायरवाउंड रेझिस्टर धरून दोन्ही टर्मिनलमध्ये, मग प्रत्येक टर्मिनल आणि बॉडीमध्ये काही सेकंद लावा. त्यानंतरच मीटर, आधी नाही; साध्या मीटरची कमाल हजार व्होल्टची. मॅग्नेट्रॉनवरचं (लहरी तयार करणारा भाग) सिरॅमिक फोडू वा घासू नका, काहींत बेरिलियम ऑक्साइड असतो, त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.

टीव्हीची पिक्चर ट्यूब तशीच राहू द्या. मागच्या फनेलच्या काचेत २० टक्क्यांहून अधिक लेड ऑक्साइड असतो. कबाडी मागच्या तांब्यासाठी मान तोडतो आणि काच नालीत जाते.

गारवा४५
ऑइलचं काय? आणि भिंतीतला थर्माकोल?

पाना_पक्कड
थर्माकोल नाही, पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. नव्वदीतल्या फ्रीजमध्ये तो सीएफसी-११नं फुगवलेला असतो, नव्यात सायक्लोपेंटेननं, म्हणजे तो पेटणारा. पत्रा सुटावा म्हणून जाळतात, त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. उकरूच नका. ऑइल साधारण पाव लिटर निघेल. बंद कॅनमध्ये, नाव लिहून, इंजिन ऑइलपासून वेगळं ठेवा.

हिरवी_पेटी
एवढा खटाटोप फक्त त्या दोन कॉम्प्रेसरपुरता करा. बाकीचे शाबूत असतील तर पाइपला हातच लावू नका, गॅससकट अख्खे द्या. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी, टीव्ही त्यांत येतात, आणि तोडणी नोंदणी असलेल्या रिसायक्लरनंच करायची. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात विचारा. उचलताना नग आणि वजनासकट पावती घ्या. गाडीत फ्रीज उभाच ठेवा. आडवा केला तर ऑइल पाइपमध्ये उतरतं आणि पत्र्याच्या घासण्यानं कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) तुटते. आणि माल जाईपर्यंत दारं बिजागरीतून काढून ठेवा, शेडमध्ये लहान मुलं लपायला शिरतात.