एक्स थ्रीला नवे टायर: परत रनफ्लॅटच की साधे? (२४५/५० आर १९)

कोथरूडचा_सारथी
नमस्कार मंडळी. बीएमडब्ल्यू एक्स थ्री, डिझेल, २०१९ ची, सेकंडहँड घेतलेली. टायर अजून गाडीसोबत आलेलेच आहेत, रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे), बाजूवर डीओटीचे (टायर कधी बनला त्या कोडचे) शेवटचे चार आकडे ३८१८. नक्षी बरी दिसते म्हणून आज करू उद्या करू चाललं होतं, पण परवा गाडी धुणाऱ्या पोराने दाखवलं की पुढच्या डाव्या टायरला बाहेरच्या अंगाने लिंबाएवढा फुगा आलाय. आवाज तर हल्ली इतका की काचा बंद असल्या तरी खालून घुंईऽऽ चालूच, आणि खड्डा लागला की थेट कमरेत.

वापर म्हणाल तर रोजचं कोथरूड-हिंजवडी, अधूनमधून कुंभार्ली घाटाने गुहागर, आणि सासर नागपूरला त्यामुळे समृद्धी. गाडीत स्टेपनी नाही.

सर्व्हिस सेंटर म्हणतं रनफ्लॅटच टाका, चारांचे सव्वा लाखाच्या वर सांगतायत. नेहमीचा टायरवाला म्हणतो साधे ट्यूबलेस टाका, ऐंशीत काम होईल आणि गाडी मऊ होईल. बायको म्हणते रात्री घाटात अडकलो तर तू आणि तुझा टायरवाला काय ते बघा. तर काय करावं? आणि आत्ता फक्त पुढचे दोन बदलून मागचे दिवाळीनंतर घेतले तर चालतंय का?

वडगावचा_वाटसरू
बाकी चर्चा नंतर. फुगावाल्या टायरवर हायवेला जाऊ नका, गावातही हळू. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि हवा नुसत्या रबराने धरलीय.

टवाळखोर
एक्स थ्री घेतली आणि टायरला दिवाळीची वाट 😄

कोथरूडचा_सारथी
@टवाळखोर अहो सेकंडहँड घेतली म्हणूनच घेता आली, नवी घेणाऱ्याचेच सात वर्षांचे टायर मी वापरतोय बघा.

रबरी_गुरुजी
जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी वय. ३८१८ म्हणजे २०१८ चा ३८वा आठवडा. नक्षी कितीही उरलेली असू दे, सहा वर्षांच्या पुढे टायर बदलायचाच असं धरून चाला. रबर कडक होतं, अंगठ्याचं नख रोवून बघा, नव्या टायरमध्ये जरा रुततं, तुमच्यात रुतणार नाही. कोरड्या रस्त्यावर कळत नाही पण पहिल्या पावसात चांदणी चौकाच्या उतारावर ब्रेक मारला की कळतं. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिमीपर्यंत चालते, खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात तिथवर झिजलं की संपलं. पण आपल्याकडचा पावसाळा धरला तर ३ मिमीच्या खाली थांबू नये हे माझं मत.

आता रनफ्लॅट. याची बाजूची भिंत जाड आणि ताठ असते, हवा पूर्ण गेली तरी ती भिंत गाडीचं वजन पेलते, साधारण ताशी ८० च्या आत ८० किमीपर्यंत जाता येतं. सोय आहे, नाही कोण म्हणतंय. पण तीच ताठ भिंत आपल्या खड्ड्यांत मार खाते. साधा टायर दबतो आणि परत वर येतो, रनफ्लॅटला दबायला जागाच नाही, मग एकतर दोरे तुटून फुगा येतो नाहीतर रिमला बाक येतो. तुमची कमर आणि तुमचा फुगा, दोन्ही एकाच घरचे. अर्थात साध्या टायरलाही फुगा येतो, येतच नाही असं कोणी सांगितलं तर त्या दुकानातून बाहेर पडा.

अजून एक, रनफ्लॅट बसलेला डोळ्यांना दिसत नाही. हवा शून्य असली तरी गाडी लांबून व्यवस्थित उभी दिसते, सगळा भरवसा डॅशबोर्डवरच्या दिव्यावर. आणि हवा गेलेल्या अवस्थेत जास्त पळवला असेल तर नंतर तो दुरुस्त करणं बरेच पंक्चरवाले नाकारतात, बरोबरच आहे त्यांचं, आतली भिंत भाजलेली असते.

माझा कौल साधे. रिम तीच चालते. फक्त रनफ्लॅटच्या रिमला आतून कड जरा जास्त उंच असते, जुना टायर उतरवताना चांगलं मशिन आणि जाणता माणूस हवा, पहारीने उचकटणारा नको, रिमला ओरखडे आणि वर प्रेशरचा सेन्सरही तुटायचा.

सह्याद्रीची_लेक
गुरुजींचं सगळं मान्य पण एक बाजू राहिली. मी एकटी चालवते, मिस्टर बाहेरगावी असतात, सोबत सासूबाई आणि लेक. मागच्या पावसाळ्यात रात्री खेडच्या अलीकडे दिवा पेटला, मोबाइलला रेंज नाही, पाऊस बदाबदा. गाडी न थांबवता हळूहळू खेडपर्यंत आणली, उजेडात लॉजवर झोपलो, सकाळी पंक्चरवाला. साधा टायर असता तर त्या अंधारात १९ इंची चाक मी उचलणार होते का? बोल्ट तर एअर गनने असे आवळून ठेवतात की पान्यावर उभं राहिलं तरी ढिम्म हलत नाहीत.

त्यामुळे दादा, वहिनींचं ऐका. कमर सगळ्यांचीच दुखते.

रबरी_गुरुजी
ताई तुमच्यासाठी रनफ्लॅटच बरोबर, वाद नाही. सारथीरावांचं बहुतेक फिरणं शहरातलं आहे म्हणून मी तसं म्हटलं. पण साधे घेतले तर स्टेपनीची सोय करायलाच हवी, निदान बारीक वाली (स्पेस सेव्हर), ती डिकीत जागा खाते हे खरं. नुसता पंक्चर किट आणि पंप यावर भागवायचं तर खिळ्याचं भोक बुजतं, बाजूला चीर गेली तर किट काही कामाचा नाही.

वऱ्हाडी_ठसका
भाऊ समृद्धीचं मी सांगतो, माझं महिन्यातून जाणं होते. सिमेंटचा रस्ता, सरळसोट, १२० ची परवानगी, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकते. तिथं टायर फुटते ते बहुतेक हवा कमी असल्यानं. लोकांले उलटं वाटते, गरम झालं म्हणून मधात थांबून हवा काढून टाकतात, अन् तिथंच घोळ होते. चालून गरम झालेल्या टायरमध्ये चारपाच पीएसआय जास्त दिसणारच, ते धरूनच कंपनीनं आकडा दिला असते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे पाहा, भरल्या गाडीचा आकडा वेगळा अन् रिकाम्या गाडीचा वेगळा. घरून निघाच्या आधी थंड टायरमध्ये भरल्या गाडीचा आकडा भरायचा, मग नागपूरपर्यंत हात लावायचा नाही. कमी हवेचा टायर जास्त दबते, दबल्यानं तापते, तापल्यानं फुटते.

अन् सिमेंटवर आवाज टायरचा कमी अन् रस्त्याचा जास्त राहते, नवे घेतल्यावर तिथं एकदम शांतता होईल अशा आशेत राहू नका. फुगावाला टायर घेऊन तर इकडं येऊच नका, सासरी सांगा की रेल्वेनं येतो 😀

आकडेमोड
कोणी १९ वरून १८ वर यायचं का नाही सुचवलं? २४५/५० आर १९ चा पूर्ण व्यास साधारण ७२७.६ मिमी, २२५/६० आर १८ चा ७२७.२. म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही, आणि बाजूची भिंत १२२ मिमीची १३५ होते. खड्ड्यात तेवढं रबर जास्त मधे आलं. पण आधी त्या स्टिकरवर १८ चं साइज छापलंय का बघा, छापलेलं असेल तरच. चार रिमचा खर्च वेगळा, जुन्या रिम विकून थोडा निघेल.

कोथरूडचा_सारथी
@आकडेमोड १८ छापलंय स्टिकरवर. पण मुलगा म्हणतो १८ वर गाडी "काकांची" दिसेल. सध्या १९ च ठेवतो, घरात शांतता पाहिजे. मागचे दोन नंतर घेतले तर चालतील का ते कोणी सांगितलं नाही.

गॅरेजचा_पम्या
नाही चालणार साहेब. ही चारही चाकांना ताकद देणारी गाडी, एक्सड्राइव्ह. पुढे नवे आणि मागे झिजलेले म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांचा घेर वेगळा, दर फेऱ्याला फरक पडतो आणि तो फरक मधला ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) सोसत बसतो. त्यातल्या क्लचला हे सतत घासणं मानवत नाही, आधी पार्किंगमध्ये वळताना धक्के बसतात, मग ऑइल, मग मोठं बिल. त्या बिलात टायरचे दोन सेट येतील. चारही एकत्र, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. पुढे कधी एकच टायर फाटला तर बाकी तिघांची नक्षी मोजून मग ठरवा, दोनतीन मिमीच्या वर फरक जाऊ देऊ नका.

बीएमडब्ल्यूसाठी जुळवलेल्या टायरवर बाजूला चांदणी असते, आत्ताच्या रनफ्लॅटवर तुम्हाला दिसेल. साध्यात चांदणीवाला मिळेलच असं नाही, नाही मिळाला तर गाडी काही रुसत नाही, पण दोन चांदणीवाले आणि दोन बिनचांदणीचे असली खिचडी नको.

लोड_इंडेक्स
नावातच माझा मुद्दा आहे. दुकानात साइज बघून लोक खूश होतात आणि पुढचा आकडा वाचत नाहीत. तुमच्या टायरवर साइजच्या पुढे १०५ डब्ल्यू असणार, म्हणजे एका टायरची क्षमता ९२५ किलो आणि वेग २७० पर्यंत. याच साइजमध्ये १०१ चा पण टायर येतो, तो ८२५ किलोचा. दिसायला सेम, थोडा स्वस्त, आणि विकणारा म्हणेल काही फरक पडत नाही साहेब. चाकामागे १०० किलोचा फरक आहे हो, पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या भरून घाट चढणार आहात. १०५ च्या खाली घेऊ नका. वेगाचं अक्षर व्ही असलं तर २४० होतात, तेवढे तुम्ही कुठे चालवणार, तरी इन्शुरन्सवाल्याला बोलायला जागा नको म्हणून डब्ल्यूच बघा.

दुसरं, तारीख. या साइजचा खप कमी, त्यात जून २०२० पासून नव्या टायरची आयात सरकारने परवान्याखाली आणली, त्यामुळे बाहेरून येणारे मोठे साइज कधी मिळतात कधी गायब, आणि गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल "शेवटचा सेट उरलाय" म्हणून पुढे केला जातो. वर्षाच्या आतला असेल तर घ्या, फार तर दीड वर्ष. पूर्ण तारखेचा कोड कधीकधी एकाच बाजूला असतो, टायर बसवल्यावर ती बाजू आत गेली की मग खाली वाकून मोबाइलचा फोटो काढत बसावं लागतं, म्हणून बसवायच्या आधीच चारही बघा. एकाचा बघून चारांचे पैसे देऊ नका.

आणि बिल पक्कं घ्या, वॉरंटीला तेच लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवर जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, जुन्या कोटेशनवर कोणी गंडवत नाही ना ते पण बघा.

टवाळखोर
नायट्रोजन भरा म्हणजे गाडी उडेल 🚀

गॅरेजचा_पम्या
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो टवाळराव. फुकट मिळाला तर घ्या, नाहीतर पंधरा दिवसांनी हवा तपासा, त्याचा उपयोग जास्त.

दापोली_टू_दुबई
इथे गल्फमध्ये साध्यावर चालवतो, रस्ते गुळगुळीत, काही त्रास नाही. पण दापोलीच्या घरी भावाची एक्स वन आहे ती रनफ्लॅटवर, तो म्हणतो दर पावसाळ्यात एक बळी. कोणत्या कंपनीचा घेताय? माझी मिशेलिन प्रायमसीची शिफारस, शांत आहे. कॉन्टिनेंटलचा पकड चांगली पण लवकर झिजला माझा, पिरेली कधी वापरला नाही.

रबरी_गुरुजी
या साइजमध्ये आधी कंपनी ठरवून शोधायला निघू नका, हाती काही लागणार नाही. १०५ चा, ताजा, चारही एकसारखे, एवढं जमतंय त्यात मिशेलिन, ब्रिजस्टोन, कॉन्टिनेंटल, योकोहामा, पिरेली जे मिळेल ते घ्या. तुमचं चालवणं बघता आरामाची नक्षी घ्या, स्पोर्टवाली नको, ती लवकर झिजते आणि आवाजही करते. ऑल टेरेनच्या नादी तर अजिबात लागू नका, एक्स थ्रीला रानगाडी करायला निघालेले दोघं बघितलेत मी.

फोनवर बोलताना "रनफ्लॅट नको" हे स्पष्ट सांगा, आणि आलेल्या टायरवर आरएफटी, एसएसआर, झेडपी, आरओएफ यातलं काही लिहिलंय का बघा. प्रत्येक कंपनीने रनफ्लॅटला आपापलं नाव ठेवलंय, काउंटरवरच्या पोराला सगळी माहीत असतीलच असं नाही.

कोथरूडचा_सारथी
मंडळी, ठरलं एकदाचं. साधे, चारही, १०५ डब्ल्यू, तारखा सगळ्यांच्या सहा महिन्यांच्या आतल्या, दुकानदाराने व्हॉट्सॲपवर चारही टायरचे फोटो पाठवले (@लोड_इंडेक्स, मागितल्याशिवाय पाठवत नव्हता). सोबत स्पेस सेव्हर आणि जॅकचा सेट पण घेतोय, बायकोची अट. डिकीतली जागा गेली तर गेली, आंबे मागच्या सीटवर. शनिवारी बसवायचे आहेत. बसवताना काय बघू?

सह्याद्रीची_लेक
स्पेस सेव्हरवर पण ८० च्या वर जायचं नाही हां, आणि एकदा घराच्या पार्किंगमध्ये वहिनींसोबत चाक बदलून बघा, रात्री पहिल्यांदा नको. स्पेस सेव्हरची हवा पण दर दोनतीन महिन्यांनी बघायची, ती सगळेच विसरतात.

गॅरेजचा_पम्या
जुने व्हॉल्व्ह आणि सेन्सरचं रबर बदलून घ्या, शेपाचशेची गोष्ट आहे. बॅलन्सिंगला चिकटवायची वजनं रिमच्या आतून लावायला सांगा, बाहेरून ठोकायची नाहीत. अलाइनमेंट करा आणि आधीचा-नंतरचा छापील कागद मागा, जुना टायर आतल्या कडेला जास्त झिजलेला असेल तर तो कागद कामाला येईल. बोल्ट गनने नुसते टेकवायचे आणि शेवटी टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापुरतंच आवळणारा पाना) १४० न्यूटन मीटरला आवळायचे, समोर उभं राहून करून घ्या, म्हणजे ताईंसारखं पान्यावर उभं राहायची वेळ येणार नाही. पन्नासशंभर किमीनंतर परत एकदा तपासून घ्या. आणि स्क्रीनवर जाऊन टायर प्रेशर रीसेट करायचं, ते नाही केलं तर दिवा उगाच पेटत राहील.

नवे टायर पहिले दोनतीनशे किमी जरा सरकतात, साच्यातून काढताना लावलेला लेप वर असतो. शनिवारी बसवून रविवारी लगेच कुंभार्लीत वळणं मारायला जाऊ नका.

कोथरूडचा_सारथी
रविवारी हिंजवडीचा मोकळा रस्ता बघून येतो, आठवडाभर तो कुठे दिसतोय. फोटो सोमवारी टाकतो.